गोठलेल्या मातीची खंडेनवमी

पूजेवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतात. माझे वडील रेल्वेत सिग्नलचं काम करायचे. खंडेनवमीला ते पाने, पक्कड, हातोडी घासूनपुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि दिवसभर त्यांना हात लावायचे नाहीत. वर्षभर राबलेल्या अवजाराला एक दिवस आराम, ही कल्पना मला अजूनही आवडते. पण सिग्नलच्या खांबाला ते नुसता बाहेरून हार घालायचे. आराम द्यायचा म्हणून दिवा कुणी विझवत नसे. एवढी अक्कल तिथे सगळ्यांना होती.

आमच्या प्रयोगशाळेत नव्हती.

तेलीबांध्याच्या पुढे, नवा रायपूरच्या रस्त्यावर आमची मातीची प्रयोगशाळा आहे. मी तिथे कायम गोठलेल्या जमिनीवर काम करते. रायपूरसारख्या भट्टीत बसून गोठलेल्या मातीवर काम! चौबे कॉलनीतल्या शेजाऱ्यांपासून माझ्या नवऱ्यापर्यंत सगळ्यांची यावर टिंगल करून झाली आहे. करू द्या. लडाखच्या एका उंच उतारावर आम्ही श्वास लागेस्तोवर हाताने गिरमिट फिरवलं होतं आणि मनगटाएवढ्या जाडीच्या मातीच्या कांड्या काढल्या होत्या. त्या बर्फाच्या पेटीत घालून, विमानतळावर भांडून, मी रायपूरपर्यंत आणल्या आणि मोठ्या फ्रीझरमध्ये नळ्यांत उभ्या करून ठेवल्या.

घरी समजावताना मी एवढंच विचारते, की दोन दिवस लाइट गेली तर फ्रीजमधल्या वरणाचं काय होतं? तसंच आहे हे. त्या जमिनीत हजारो वर्षांपूर्वीचं गवत आणि मुळं न कुजता पडून आहेत. गारठा आहे तोवर जंतू झोपलेले असतात. हवा वर्षानुवर्षं तापत गेली की जमिनीतला बर्फ वितळतो, जंतू जागे होतात, जेवायला बसतात आणि इतका काळ जपून ठेवलेला कार्बन वायू होऊन निघून जातो. त्याने हवा आणखी तापते आणि आणखी बर्फ वितळतो. या मातीला ऋतूमागून ऋतू थोडी थोडी ऊब दिली, तर ती किती कार्बन सोडते हे मला पाहायचं होतं. त्यासाठी माती मूळची गोठलेली हवी, आधी एकदाही वितळलेली चालत नाही.

आणि दुसरी माती मिळणार नव्हती. आम्ही येऊन गेल्यावर त्या उताराखालचा बर्फ वितळला आणि अख्खा उतार नाल्यात घसरला. तिथल्या वाटाड्याने फोटो पाठवला तेव्हा मला आधी जागाच ओळखू आली नाही. त्या उताराचं जे काही शिल्लक होतं, ते आमच्या फ्रीझरमध्ये होतं.

आमचे सर अमरावतीकडचे. रायपुरात विश्वकर्मा पूजा होते ती होतेच, पण सरांना खंडेनवमीही लागते. यंत्रं बंद करायची, आतूनबाहेरून पुसायची, स्वस्तिक, हार, पेढे, आणि दसरा झाला की पुन्हा चालू. दरवर्षी मी फ्रीझरपाशी राखणीला उभी राहायची. कुंकू लावा, हार घाला, पण बटणाला हात लावायचा नाही. दारावर हिंदीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठीही चिकटवून ठेवली होती. या वर्षी घरचं नवरात्र उठायचं होतं, म्हणून मी रजा घेतली.

सुट्टीनंतर सकाळी आत शिरले तेव्हा फ्रीझर नेहमीसारखा घरघरत होता. झेंडूचा हार बरोब्बर माझ्या चिठ्ठीवरून लोंबत होता. पण दारावरचं कुंकू ओघळून खाली आलं होतं आणि फरशीवर लालसर पाणी वाळल्याचा डाग होता. दार उघडून एक नळी उजेडात धरली. त्या मातीत बर्फाच्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या, मला त्या तोंडपाठ होत्या. आता एकही नव्हती. माती तळाशी बसली होती आणि वर गढूळ बर्फाचा थर. सगळ्या नळ्या तशाच.

माझ्यासोबत काम करणारी पोट्टी घरात मराठी ऐकते आणि बोलते हिंदी. तिला विचारलं तर ती खाली पाहत म्हणाली, "मैडम, सर ने खुद बंद किया. बोले, सब आराम कर रहे हैं तो ये अकेला क्यों चले." नळ्या बाहेर टेबलावर काढून ठेवल्या, फ्रीझर आतून छान पुसला, नळ्या परत आत उभ्या केल्या, फोटो काढले. दसऱ्याच्या संध्याकाळी सर सोनं द्यायला इकडे आले तेव्हा आठवणीने चालू करून गेले. आठवणीने, म्हणे.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समोर पेढा सरकवला.

"मॅडम, काहून एवढ्या तापून राहिल्या? जमला ना बर्फ परत."

बर्फ परत जमला सर, मी म्हटलं, पण त्यातून जे उडून गेलं ते परत जमत नसतं. त्यावर ते म्हणाले की थोडंफार इकडेतिकडे चालतं, अहवाल तोंडावर आला आहे, याच मातीवर प्रयोग सुरू करा, कोणाले समजणार हाय. फ्रीझर बंद केल्याचा जेवढा राग आला नव्हता, तेवढा त्या 'परत'चा आला. शिकलेला माणूस, आयुष्य मातीत गेलेला, आणि डोक्यात हेच, की पुन्हा थंड झालं म्हणजे झालं. अशी माणसं खुर्च्यांवर बसली आहेत म्हणून ते उतार घसरत आहेत. या मातीवर प्रयोग माझ्या नावाने होणार नाही, ती वितळली असंच मी अहवालात लिहीन, एवढं सांगून मी पेढा तिथेच ठेवून आले.

मग एक कांडी काचेच्या बाटलीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि वायू मोजायचं यंत्र जोडलं. त्यावरही स्वस्तिक होतंच. बर्फ वितळला तसा आकडा हलू लागला आणि हळूहळू चढतच राहिला. मी सरांना बोलावून त्यासमोर उभं केलं. हा तुमच्या आरामाचा हिशोब, म्हटलं, बघा.

त्यांनी वाकून आकडा पाहिला. मला वाटलं, आता तरी कळेल. त्यांनी रुमालाने मान पुसली.

"एसी वाढवा जरा," ते म्हणाले. "लय गरम होऊन राहिलं."

मी रिमोट घेतला आणि एसी बंद केला. फ्रीझरवरचा सुकलेला झेंडूचा हार काढला, खुर्चीवर चढून एसीला घातला. ती पोट्टी दारात उभी राहून पाहत होती. सरांच्या कपाळावर घाम जमायला लागला होता.

"यालेही आराम पाहिजे ना सर," मी म्हटलं. "बसा. संध्याकाळी परत चालू करू. मंग झालंच सगळं पहिल्यासारखं."