हाताच्या पाठीने

तळपायाचा ताप तळहाताला नीट कळत नाही, हाताच्या पाठीला कळतो. संध्याकाळी बाबा अंगणातल्या बाजेवर पाय पसरून बसत, कोमट पाण्यात भिजवून तेल चोळलेले ते दोन पाय मी मांडीवर घेई, आणि मावळतीचा पिवळा उजेड टाचांच्या भेगांत उतरत असताना बोटांची मागची बाजू त्यांच्या तळव्यांवरून सावकाश फिरवी. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. माघात आर्वीकडच्या बागांतून संत्र्याच्या फुलांचा वास वाऱ्यावर येई आणि माझ्या हातांना दिवसभर चिकटलेल्या रबराच्या सोल्युशनच्या उग्र वासात मिसळून जाई. तेवढी शांत वेळ माझ्या दिवसात दुसरी नव्हती, आणि तेवढी भीतीचीही नव्हती. एखादी जागा जराशी गरम लागली की आत काहीतरी बिघडू लागलेलं असे, आणि ज्यांचा तो पाय त्यांना त्याचा पत्ताच नसे.

बाबांचं कुष्ठ फार वर्षांपूर्वी बरं झालं. गोळ्यांनी रोग जातो, गेलेली संवेदना मात्र परत येत नाही. आंजी गावातलं घर सोडून ते मिशनच्या दवाखान्यात आले, तिथल्या वसाहतीत राहिले आणि तिथेच चपला करायला शिकले. काळ्या मऊ रबराचा तळ, चामड्याचे रुंद पट्टे, आणि कुठेही एक खिळा म्हणून नाही. कारण घालणाऱ्याला खिळा टोचलेला कळणार नसतो. पण बाबांची बोटं आत वळलेली, त्यांना चामडं टोचायची आरी धरवेना. सातवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांना दोरा ओवून द्यायला शेजारी बसले. सुट्टी संपली, मी उठले नाही. शाळा सुटल्याचं दुःख मी करत बसले नाही, कारण त्या चपलांच्या कामशाळेच्या ओट्यावर मला हात मिळाले. आणि आई गेल्यावर रोज दिवेलागणीला बाबांना पवित्र शास्त्र मोठ्याने वाचून दाखवताना मला भाषा मिळाली. या दोन्ही देण्यांचं ऋण माझ्यावर आहे. म्हणूनच ते पत्र आलं तेव्हा नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

इथिओपियातल्या डोंगराळ भागात आमच्यासारखाच एक दवाखाना आहे. चपला करणारे तिथले गृहस्थ थकले होते, आणि रुग्णांच्या मुलांना हे काम शिकवील असं कुणीतरी त्यांना दोन वर्षांसाठी हवं होतं. आमच्या पाळकसाहेबांनी माझं नाव कळवलं, आणि तिथून माझ्या नावाने पत्र आलं. सोबतच्या अर्जात शिक्षणाचा रकाना होता. त्यात ‘सातवी’ लिहिताना माझी लाज पेनाच्या टोकाशी येऊन थांबली, पण खरी भीती त्या रकान्यात नव्हती. ती बाबांच्या डाव्या पायात होती.

तीन वर्षांपूर्वी मी मंडळीच्या संमेलनासाठी तीन दिवस अमरावतीला गेले होते. परतले तेव्हा त्यांच्या चपलेत हरभऱ्याएवढा खडा होता आणि तळव्याला पैशाएवढं भोक. बाबा तीन दिवस त्या खड्यावरून दवाखाना, विहीर, प्रार्थनाघर असे हसतमुखाने हिंडले होते. जखम भरायला पावसाळा उलटला आणि डाव्या पायाची दोन बोटं गेली ती गेलीच. तीन दिवसांत दोन बोटं. दोन वर्षांचा हिशेब मी मनात मांडायला घेई आणि प्रत्येक वेळी मध्येच सोडून देई.

पत्राचं मी बाबांना सांगितलंच नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं. त्या संध्याकाळी पाय माझ्या मांडीवर असताना ते म्हणाले, “जाजो तू.”

“आन् पाय?”

“बोटं तू गेल्तीस म्हणून नाई गेले वं. मी आरसा घेऊन तळवा पाह्यला नाई म्हणून गेले.” मग अंगणातल्या निंबाकडे पाहत, “तिथं बी कोनाचा बाप बसला असन पाय पसरून.”

मी उजवा पाय पुन्हा तपासला.

शेजारच्या गोदाकाकूंचे पाय बधिर आहेत, पण हात शाबूत आहेत, आणि जीभ तर फारच शाबूत. बाबांचे पाय रोज पाहायला मी त्यांना शिकवायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी मी इतक्या सूचना दिल्या की त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “दोन वर्सं म्हणजे काय वं बेबी? तुया बाबाचे पाय का पिकल्या पपया हायेत गळून पडाले?” तरी रोज येत राहिल्या. त्यांचा हात धरून मी तळव्यावरून फिरवी: इथे टाच, इथे बोटांच्या बुडाचा गुबगुबीत भाग, इथे सगळ्यात जास्त भार. दोन्ही पाय एकमेकांशी ताडून पाहायचे, एकट्या पायावर विश्वास ठेवायचा नाही. त्या मान डोलवत, आणि माझा मात्र त्यांच्या मान डोलवण्यावरही विश्वास बसत नसे. पासपोर्ट आला, लस टोचून झाली, बॅगेत आरी, चामडं कापायची रापी आणि दोऱ्याची रिळं जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली. काळजी तेवढी कुठल्याच कप्प्यात मावेना.

निघण्याच्या आदल्या रविवारी नालवाडीच्या प्रार्थनाघरात माझ्यावर हस्तार्पण झालं. दूरच्या सेवेला निघणाऱ्याच्या डोक्यावर वडील मंडळींनी हात ठेवून प्रार्थना करायची, ही आमची रीत. मी गुडघे टेकले. एकेक हात येऊन टेकत गेला. शेवटी एक हात आला तो पसरला नाही, मुठीसारखा वळलेला, नुसत्या बोटांच्या पाठीने माझ्या भांगावर टेकला. कुणाचा ते मान वर न करताच कळलं. माझं डोकं गरम होतं की गार, हे त्या हाताला कळणार नव्हतं. तरी तो सगळ्यांत शेवटी उचलला गेला.

मंडळीतल्या बायकांनी वर्गणी काढून मला बूट घेऊन दिले होते, बंद, काळे, तिकडच्या थंडीसाठी. ते मी निघायच्या पहाटे पहिल्यांदा पायात घातले. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास घालायची, काढून पाय पाहायचा, मगच दुसऱ्या दिवशी तासभर, हे मी इतकी वर्षं दारात येणाऱ्या प्रत्येकाला बजावत आले आहे. भिंतीवर तसा कागदही माझ्याच अक्षरात लावलेला आहे. आणि तीच मी ते नवे बूट घालून बाबा आणि गोदाकाकूंसोबत पाळकसाहेबांच्या जीपमधून नागपूरला निघाले. विमानतळाच्या दाराशी पोहोचेपर्यंत टाच पेटली होती. बाबांची नजर थेट खाली गेली.

“लंगडून राह्यली काऊन?”

“बूट चावते.”

“दुखते?”

“लय.”

ते असे हसले की दारावरच्या शिपायाने वळून पाहिलं. “दुखते ना! मंग तुयी काळजी नाई मले.” मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. आत गेल्यावर काचेतून मी पाहिलं, ते गोदाकाकूंच्या खांद्याला धरून जीपकडे चालले होते. डावा पाय ते जरा जास्तच जोरात टाकत होते का? काचेतून कळत नव्हतं.

इथे येऊन आता दीड महिना झाला. हवेत निलगिरीचा आणि भाजलेल्या कॉफीच्या बियांचा वास असतो, उजेड पातळ आणि उंच, सकाळचे हात बराच वेळ गारठलेले. इथल्या बायका मला हातांच्या खुणांनीच बोलायला शिकवतात आणि माझ्या चुकांना मनापासून हसतात. दुपारी साडेतीन वाजले की तिकडे सहा होतात, आणि फोनच्या पडद्यावर आधी आमचा निंब हलतो, मग बाबांचे तळवे येतात. लाली दिसते, भेग दिसते, ताप दिसत नाही. तो काकूंच्या हाताने मला कळायचा. त्या रोज म्हणतात, “थंड हाय.”

परवा त्यांच्यामागे चुलीचा धूर दिसला. चुलीजवळून उठून येत असतील, तर त्या तापलेल्या हातांना कुठलाही पाय गारच लागणार! इतके दिवस त्या ‘थंड’ म्हणत होत्या ते चुलीमुळेच का? मी ओरडलेच, “काकू, तुये हात गरम हायेत, म्हणून पाय थंड लागून राह्यला तुले!”

पलीकडून आधी भाकरी थापल्यासारखा आवाज आला, तो त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतल्याचा होता. “शिकवलं कोनं मले? एका पायाले दुसऱ्या पायासंगं पाह्यजो म्हणे. मंग हात माया चुलीतला असो का विहिरीतला, दोन्ही पायाले सारखाच ना वं! तू तुयं काम कर.” मागून बाबा खोकल्यासारखे हसले आणि फोन बंद झाला.

हे मीच त्यांना सांगितलं होतं, आणि भीतीच्या भरात मीच विसरले होते. समोर दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारे रुग्ण पाय पसरून बसले होते. त्यांची लेक दूर शहरात कामाला असते, असं मला खुणांनी सांगितलं गेलं होतं. तीही या वेळी कुठल्याशा खोलीत, माझ्यासारखीच, बापाच्या पायांवरच्या न दिसणाऱ्या हातांचा विचार करत असेल. मघाशी गार पाण्यात धुतलेले माझे हात अजून गारठलेलेच होते. मी ते चोळून ऊब आणायला गेले, आणि थांबले. तसेच पुढे केले; दोन्ही पायांना ते सारखेच गार. उजवा पाय, मग डावा, मग पुन्हा उजवा. डावा किंचित कोमट होता, किंवा मला तसं वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.