शेडची किल्ली

किनाऱ्यावरच्या बाटल्या गोळा करायला आमच्या गावात पहिल्यांदा उतरली ती माझी धाकटी बहीण अकोया. तेव्हा बायका तिला हसायच्या. ओहोटी लागली की ती पोतं घेऊन निघायची. बाटल्या, नूडल्सची पाकिटं, तुटक्या चपला वेगवेगळ्या करायची. पुढे हा कचरा जहाजाने बेटाबाहेर पाठवायचं ठरलं आणि त्यासाठी पत्र्याची शेड उभी राहिली. मनेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या छपराखाली, म्हाताऱ्यांनी शेडची किल्ली दिली ती मात्र शेजारच्या बोटिकाला. का, तर बोटिका गोड बोलते.

अकोयाला ते गिळवेना. बोटिका किल्ली दोरीला बांधून गळ्यात घालायची.

"किल्ली आहे की लग्नातला हार?" अकोया कुंपणावरून म्हणायची.

"हरवते गं माझ्याकडून," म्हणून बोटिका हसायची. ते हसणंच अकोयाला जास्त लागायचं. बोटिकाकडून मासा भाजल्याचा वास आला तरी हिचं सुरू, "आज काय, किल्लीवालीकडे मेजवानी."

एक दिवस ती माझ्या सोसायटीच्या दुकानात आली. "दादा, मी तिच्याकडे बुबुती घालणार."

साखर मापता मापता माझा हात थांबला. बुबुती घालून मागितलेली वस्तू आमच्यात नाकारता येत नाही. नाकारली तर घराण्याची लाज जाते. "अगं, लोक जाळं मागतात, होडी मागतात. गावाची किल्ली कुणी मागतं का?"

"तिच्या गळ्यात आहे ना? मग तिचीच."

बोटिका अंगणात नारळ खोवत होती. अकोयाने मागणं घातलं. बोटिकाने हात पुसले, दोरी मानेवरून काढली आणि तिच्या हातात ठेवली. "घे बाई. मान हलकी झाली." म्हाताऱ्यांनाही काही बोलता येईना. दिलेलं परत कसं घेणार?

शेड अकोयाने नावं ठेवायला जागा नाही अशी ठेवली आहे. टोपणं वेगळी, दाबलेल्या बाटल्यांच्या गाठी एका रांगेत. पण गाव म्हणतं, "बोटिकाचं मन बघा, किल्लीसुद्धा देऊन टाकली." मनेआबात यावर गाणं झालं, त्यात बोटिकाचं नाव आहे, अकोयाचं नाही.

देणाऱ्याने कधीतरी उलट काही मागितलं आणि आपण ते दिलं की बुबुतीचं ऋण फिटतं. अकोया त्याचीच वाट बघते. परवा नवी चटई विणून तिने मुद्दाम बोटिकाच्या वाटेवर पसरून ठेवली. मी तिथेच होतो.

बोटिका थांबली. "काय सुरेख झालीय गं."

"आवडली?"

"आवडली की," म्हणाली आणि पाण्याची बादली घेऊन पुढे गेली.

अकोयाने चटईवरची वाळू झटकली. मग चटई गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बघितलंस दादा? मुद्दाम मागत नाही ती."