खिडकीबाहेरची हजेरी

फोन वत्सलाच्या घरून आला म्हणून मी उचलताच म्हटलं, "काय गं, आज कुणावर चिडलीस?" पलीकडे तिची भाची सुमन होती. "इंदूमावशी, मावशी गेली. दुपारी चहा मागितला, आणि मी करून आणेपर्यंत..." मी इथे केडगावला मुलाकडे, वत्सला तिकडे शेवगावला. पुढ्यात निवडायला घेतलेली मेथी तशीच राहिली. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. माझ्याआधी जायचं नाही, असा दम मी तिला कितीदा तरी दिला होता. पण तिने आयुष्यात कुणाचं ऐकलं म्हणून माझं ऐकेल!

त्याला आता महिना उलटून गेला. मी काही लिहिणार नव्हते. गेलेल्या माणसावर गोडगोड लिहिणं मला जमत नाही, आणि वत्सलाला ते आवडलंही नसतं. पण शेवगावच्या तिच्या शाळेत शोकसभा झाली, तिथे आमच्या कॉलेजातल्या प्रोफेसरांचे चिरंजीव बोलायला उभे राहिले. आता तेही म्हातारे झालेत. तिच्या फोटोला हार घालून म्हणाले, "वत्सलाताईंचं संस्कृत आमच्या माजघरात घडलं. बाबांच्या त्या लाडक्या विद्यार्थिनी." लोक माना डोलावत होते. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. माजघरात? अहो, त्या माजघरापायीच तर तिचं ऑनर्स गेलं! तेव्हा आता सगळं लिहूनच टाकते. प्रोफेसरांचं नाव मात्र लिहिणार नाही. वत्सलाच्या लेखात त्यांना एवढीही जागा द्यायची माझी इच्छा नाही.

एकोणीसशे चाळीस ते पन्नासच्या मधली वर्षं. नगरला तेव्हा एक छोटंसं खासगी कॉलेज निघालं होतं, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या इमारतीत. पुढे तेही बंद पडलं. मी आणि वत्सला तिथे बी.ए.ला. मी साधी पासची विद्यार्थिनी, कारण अभ्यासाचा आणि माझा छत्तीसचा आकडा. वत्सलाने घेतलं होतं ऑनर्स, तेही संस्कृतचं. आजच्या मुलांना सांगायला हवं, तेव्हा ऑनर्स म्हणजे नुसते जास्तीचे मार्क नव्हते. आधी इंटरच्या परीक्षेत वरचा वर्ग लागायचा. मग आपल्या विषयाचे जादा पेपर आणि त्यांचे वेगळे जादा तास. त्या तासांना तीन-चतुर्थांश हजेरी हवी, आणि ती भरली असा प्राध्यापकांचा दाखला हवा. दाखला नाही तर ऑनर्सच्या परीक्षेला बसता येत नसे, मग तुम्ही केवढेही हुशार असा. वत्सलाचे वडील कोर्टात कारकून होते. त्यांनी तिला स्वच्छ बजावलं होतं, "ऑनर्स मिळालं तर पुण्याला एम.ए.ला पाठवीन. नुसती पास झालीस तर येत्या मार्गशीर्षात बोहल्यावर." म्हणजे त्या एका दाखल्यावर तिचं पुणं टांगलेलं होतं.

कॉलेजात खोल्या अपुऱ्या. म्हणून प्रोफेसर ऑनर्सचा तास रविवारी सकाळी आपल्या घरी घ्यायचे, माजघरात. भिंतीला टेकून तीन-चार मुलं आणि दाराशी वत्सला. तरण्या मुलीला एकटीला कसं धाडायचं, म्हणून तिच्या वडिलांनी मला सोबतीला जोडून दिलं होतं. मी आपली प्रोफेसरांच्या बायकोबरोबर, काकूंबरोबर तांदूळ निवडत बसायची. प्रोफेसर शिकवायचे मात्र... हे लिहिताना माझा हात जड होतो, पण शिकवायचे फार सुंदर. एकेक श्लोक असा उलगडायचे की माझ्यासारखीच्या हातातलं सूपसुद्धा थांबायचं. आणि वत्सला! ती तर तहान-भूक विसरून ऐकायची.

घर कडक सोवळ्याचं. अडचणीच्या चार दिवसांत बाईने घरात पाऊल टाकायचं नाही. वत्सलाच्या घरीही पाळायचे, माझ्याही घरी पाळायचे, त्यात नवल काही नव्हतं. पण घर वेगळं आणि वर्ग वेगळा ना! पहिल्याच महिन्यात काकूंनी दारातच विचारलं, "वत्सले, चालतंय ना गं आज?" आणि ही हरिश्चंद्राची नात खरं सांगून मोकळी झाली, "नाही काकू, कालपासून नाही चालत." मी तिला मागून इतका जोरात चिमटा काढला! पण शब्द गेला तो गेला. काकूंनी तिला अंगणातच थांबवलं. तिथून पुढे काकू तिचे दिवस ध्यानात ठेवायला लागल्या. आणि तिचं शरीर असं शिस्तीचं, की महिन्याच्या महिन्याला नेमका रविवारच गाठायचं.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "अगं बावळट, नाही म्हणून सांगायचं. कोण बघायला येतंय?"

"त्यांच्या देवांना बाधत असेल तर मी का खोटं बोलू? मला काय, शिकण्याशी मतलब. बाहेरून ऐकू येतं की."

आणि खरंच ती बाहेरून ऐकायला लागली. माजघराची खिडकी अंगणात उघडायची. खिडकीखाली गोणपाट टाकून ही बसायची, आणि सोबतीण म्हणून मीही. थंडीत दात वाजायचे, वैशाखात डोकं तापायचं. आतून प्रोफेसर विचारायचे, "अन्वय कोण लावतं?" आत चिडीचूप. मग खिडकीखालून वत्सलाचा आवाज जायचा, स्वच्छ, एकही विभक्ती न चुकवता. एकदा प्रोफेसर मुलांना म्हणालेले मी या कानांनी ऐकलं, "लाजा वाटू द्या रे, उत्तर अंगणातून येतंय." तेव्हा आम्ही दोघी केवढ्या हसलो होतो! तिची हजेरी आत लागत असणार, याबद्दल आमच्या मनात शंकासुद्धा आली नाही. जिला प्रश्न विचारता, जिची उत्तरं घेता, ती गैरहजर कशी असेल?

महिन्याचा एक रविवार गेला तरी तीन-चतुर्थांश कसंबसं भरलं असतं. पण त्या वर्षी वत्सलाला हिवताप झाला आणि आणखी दोन रविवार बुडाले. टर्म संपली, फॉर्म भरायची वेळ आली, आणि प्रोफेसरांनी दाखला नाकारला. ती त्यांच्याकडे गेली तेव्हा मी बरोबर होतेच.

"सर, मी दर रविवारी येत होते," वत्सला म्हणाली.

"येत होतीस. वर्गात बसत नव्हतीस."

"सर, तुम्ही मला प्रश्न विचारायचात..."

"वर्ग माजघरात होता, वत्सला. अंगणात बसणाऱ्याला हजर म्हटलं तर उद्या रस्त्यावरच्यालाही म्हणावं लागेल. खोटा दाखला मी देणार नाही."

हे त्यांचं सत्य! बाहेर त्यांनीच बसवायचं आणि बाहेर बसली म्हणून त्यांनीच खोडायचं. मीच वत्सलाला ओढत प्रिन्सिपॉलांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "गैरहजेरीचं कारण?" ही जमिनीकडे बघत उभी. त्या काळात परक्या पुरुषासमोर ते कारण उच्चारायचं म्हणजे... शेवटी मीच म्हणाले, "सर, तिला महिन्यातून एकदा बाहेर बसावं लागतं आणि त्यांच्या घरात चालत नाही." प्रिन्सिपॉलांचे कान लाल झाले. चष्मा काढून ते तो पुसतच राहिले. मग म्हणाले, "ही घरगुती बाब आहे. विद्यापीठाला घरगुती कारणं चालत नाहीत."

"मग विद्यापीठाचा तास घरात कसा चालतो?" मी विचारलं.

त्यांनी आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. त्या दोन वर्षांत मी विचारलेला तेवढा एकच शहाणा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

ज्यांना अन्वय लागत नव्हता ती मुलं ऑनर्स झाली. वत्सला झाली नुसती बी.ए., माझ्यासारखी. निकालाच्या दिवशी ती माझ्या गळ्यात पडून जी रडली, तसं मी तिला पुन्हा कधी रडताना पाहिलं नाही. वडिलांनी शब्द पाळला. स्थळ आणलं, बघायला यायचा दिवस ठरवला. त्या दिवशी सकाळी वत्सला ट्रंक घेऊन शेवगावच्या मोटारीत बसली. तिथल्या नव्या शाळेला मास्तरीण हवी आहे असं तिने ऐकलं होतं. वडील वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. पाहुण्यांना तोंड द्यायला राहिले मी. त्यांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

शेवगावला तिने वर्षा-दोन वर्षांत शाळा अशी धरली की शाळेचे अध्यक्ष पाटील तिचा शब्द खाली पडू देईनात. पाटलांच्या स्वतःच्या मुली तिच्या हाताखाली होत्या. याच सुमाराला नगरचं कॉलेज बंद पडलं. शेवगावच्या शाळेला हेडमास्तर नेमायचे होते. आणि मे महिन्याच्या एका दुपारी, मी सुट्टीला वत्सलाकडे गेलेली असताना, दारात प्रोफेसर उभे! उन्हाने लाल झालेले, काखेत छत्री. मी आतच राहिले. वत्सला ओसरीवर गेली, वाकून नमस्कार केला. मग एक लोखंडी खुर्ची उचलून तिने बाहेर नेली आणि अंगणात खिडकीखाली मांडली.

"सर, इथं बसा. इथून सगळं नीट ऐकू येतं."

ते बसले. करतात काय! वत्सला आत येऊन खिडकीशी बसली. त्यांनी जागेबद्दल सांगितलं, पाटलांकडे शब्द टाक म्हणाले. तिने चहा गजांमधून दिला. कप घेताना त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि मान खाली घातली, तेव्हा त्यांना कळलं असावं. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. आनंद झाला. आज इतक्या वर्षांनी आठवलं तरी होतो, आणि कुणाला तो ओंगळ वाटला तर खुशाल वाटू दे.

संध्याकाळी पाटील आले. "बाई, तुमचं मास्तर हायेत म्हनं. मानूस कसा हाय?"

"शिकवतात उत्तम. त्यांच्यासारखं शिकवणारं मी पाहिलं नाही," वत्सला म्हणाली. "फक्त मुलींना महिन्यातले चार दिवस वर्गाबाहेर बसावं लागेल. आणि बाहेर बसल्या म्हणून त्यांची हजेरी लागणार नाही."

पाटील उठलेच. "आन् मंग माज्या पोरी पास कशा व्हायच्या? लई झालं उत्तम. न्हाई पायजे आमाला."

तिने एक अक्षर खोटं सांगितलं नाही. जेवढी हजेरी तिला मिळाली तेवढीच शिफारस तिने दिली. प्रोफेसर पुढे लांब कुठेतरी खासगी शिकवण्या करत राहिले म्हणे. मी त्या रात्री विचारलं, "आता निवलीस का गं?" तर म्हणाली, "नाही. पुणं कुठे मिळालं मला?" जन्मभर तिने शिकवलं, मुलींच्या तीन पिढ्या घडवल्या, पण पुण्याचं नाव निघालं की ती उठून आत जायची. लोक म्हणतात वेळ गेली की जखम भरते. तिची नाही भरली, आणि तिने भरूही दिली नाही. मला तिच्यातलं तेच सगळ्यात आवडायचं.

ती लोखंडी खुर्ची मात्र तेव्हापासून खिडकीखालीच राहिली. पावसात, उन्हात, तिथेच. दर दिवाळीला वत्सला तिला स्वतः हिरवा रंग द्यायची. कुणी बसायला गेलं की हटकायची, "तिथं नको, आत या." सुमनलासुद्धा कारण माहीत नव्हतं.

शोकसभेनंतर सगळे वत्सलाच्या घरी आलो. बाहेरच्या खोलीत बायका, विद्यार्थिनी, पाय ठेवायला जागा नाही. तिच्या मुली एकेक आठवण सांगत होत्या. प्रोफेसरांचे चिरंजीव उशिरा आले, दारातून आत डोकावले आणि मागे वळले. खिडकीखालची हिरवी खुर्ची त्यांना दिसली. कुणी काही म्हणायच्या आत ते तिच्यावर टेकलेसुद्धा. सुमन लगबगीने उठली, "अहो, तिथं उन्हात का? आत या ना, करतो जागा."

"असू द्या, असू द्या," ते हात हलवत म्हणाले. "इथं बरं आहे. इथून सगळं नीट ऐकू येतंय."

मी वत्सलाच्या फोटोकडे पाहिलं. मग चहाचा कप सुमनच्या हातात दिला आणि म्हटलं, "बाहेर जाऊ नकोस गं. खिडकीतूनच दे."