कणसावरचा अंगठा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं.

अंधेरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेला मी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. बाहेरच्याला मुलांचे फक्त बैठक क्रमांक दिसतात, म्हणून त्या दिवशीच्या एका मुलीचं नाव मला आजही माहीत नाही. बोलताना ती हातातल्या मक्याच्या कणसावरून अंगठा फिरवत होती.

"सर, मक्याच्या रानटी पूर्वजाला झुडपासारख्या फांद्या फुटतात, आपल्या मक्याला नाही. फांद्या ठरवणारं जनुक दोघांत जवळपास तेच. फरक आहे तो जनुकाच्या बाहेरच्या डीएनएत."

त्या डीएनएपासून प्रथिन बनत नाही, म्हणून मी तो आयुष्यभर कचरा म्हणूनच शिकवला होता. "कचरा बोलायला लागला वाटतं!" मी म्हणालो. खोलीतले सगळे हसले.

"बोलत नाही, सर. जनुकाने कधी आणि किती बोलायचं, ते ठरवतो," ती हळूच म्हणाली.

मी तिला काठावर पास केलं. निवृत्तीनंतर वाचत बसलो तेव्हा कळलं, तिचंच बरोबर होतं.

परवा मुलुंडच्या भाजीबाजारात कणसांच्या ढिगापाशी उभा होतो, तेव्हा हाक आली. "सर, ओळखलंत? मी कचरावाली!" ती मनापासून हसत होती. आता शाळेत शिकवते म्हणाली. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाला तेव्हा मार्क कमी पडले होते.

मला नुसतं 'चुकलो गं' म्हणायचं होतं. तोंडून आलं, "कणसं कोवळी आहेत का?"

तिने नखाने दाणा दाबून पाहिला आणि एक कोवळं कणीस माझ्या पिशवीत ठेवलं.