एकवीस कळ्या

उकडीचे मोदक वळताना मी कळ्या मोजते. एकवीस भरल्या नाहीत तर मोडून पुन्हा वळते. यंदा एक मोदक वाफेवर फुटला. तो मी ताटात तळाशी लपवला, सासूबाईंनी नेमका तोच उचलला.

“तो नको, बिघडलाय.”

“असू दे गं,” म्हणत त्यांनी वरून तूप सोडलं. ते फटीतून आपसूक आत उतरलं. माझ्या देखण्या मोदकांचे मात्र सगळेजण शेंडे मोडत होते, तूप आत जावं म्हणून. अशा किती फटी मी जन्मभर बुजवत आले, कोण जाणे.

संध्याकाळी पुन्हा वळायला बसले. सातव्या कळीनंतर आकडा चुकला. मी तो मोदक मोडला नाही.