पाकिटातली चाल

रघुवीर आठल्येचे गुडघे गेले होते. ते कुणा डॉक्टरने सांगायची गरज नव्हती. जुरोंगच्या बाहेर नांगरलेल्या जहाजाच्या अंगावर लोंबणारी दोरीची शिडी चढताना अर्ध्यावर ते स्वतःच सांगायचे. सत्तावन्न वर्षांचा माणूस. वीस वर्षं इंजिन रूमच्या आवाजात काढली आणि दहा वर्षांपूर्वी किनाऱ्यावर आला, तो सिंगापूरच्या एका शिप मॅनेजमेंट कंपनीत सुपरिंटेंडंट म्हणून. किनाऱ्यावर म्हणजे कसलं काय! जहाज आलं की लाँचमधून जायचं, शिडी चढायची, इंजिन तपासायचं, तिथल्या इंजिनियरच्या चार थापा ऐकून घ्यायच्या आणि उतरायचं. चढण्यापेक्षा उतरणं वाईट, असं तो घरी येऊन म्हणायचा. ऐकायला घरात बायकोच तेवढी होती, रत्ना. तीही हल्ली ऐकत असेल असं त्याने धरून चालू नये.

२०१६ च्या डिसेंबरात त्याने दोन दिवसांचं एमसी, म्हणजे आजारपणाच्या रजेचं डॉक्टरी सर्टिफिकेट, आणलं. गुडघ्यासाठी, हे अगदी खरं. पण बुधवार आणि गुरुवारच का, हे रत्नाला न विचारता कळलं. जपानात शोगीची मोठी लढत चालू होती. सात डावांपैकी प्रत्येकाने तीन जिंकलेले आणि सातवा डाव याच दोन दिवसांत व्हायचा होता. किताब कुणाकडे, ते त्यातच ठरणार.

शोगी म्हणजे जपान्यांचं बुद्धिबळ. त्यात मारलेलं मोहरं मरत नाही, मारणाऱ्याचं होतं, आणि तो ते पटावर हवं तिथे पुन्हा उतरवू शकतो. त्यामुळे डाव संपत आला तरी पट मोकळा होत नाही, उलट जास्तच तंग होतो. चौऱ्याण्णव साली एका जपानी जहाजावर उएदा नावाच्या चीफ इंजिनियरने रघुवीरला हा खेळ शिकवला आणि निवृत्त होताना आपला लाकडी पट त्यालाच देऊन टाकला. तो पट बुकित बातोकच्या अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली असे. रघुवीरला जपानी भाषेतलं ‘चहा’ आणि ‘वंगण’ याखेरीज फारसं काही येत नव्हतं, पण पट वाचता यायचा. लॅपटॉपवर डाव लावायचा, शेजारी उएदाचा पट मांडायचा, तिकडे चाल झाली की इकडे मोहरं सरकवायचं. दहा वर्षांत रत्नाने त्या पटाला हात लावला तो फक्त धूळ पुसायला.

आता त्या आठवड्यातली खरी गोष्ट. रघुवीरचं कंत्राट संपत होतं. कंपनीने आणखी दोन वर्षं देऊ केली होती आणि शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. रत्नाला ठाण्याला परत जायचं होतं. तसं ती तोंडाने कधी म्हणाली नव्हती, पण गेल्या वर्षभरात तिने घरात एक नवं भांडं आणलं नव्हतं, कुंडीतलं रोप मेलं तर दुसरं लावलं नव्हतं. एवढंही ज्याला कळू नये असा काही रघुवीर ठोंब्या नव्हता. त्याला कळलं होतं आणि म्हणूनच तो घाबरला होता. ठाण्याला जाऊन करायचं काय? सकाळी उठून पेपर वाचायचा? शिडीने जीव जात होता, पण शिडीवाचून आपण कोण, हे त्याला सांगता आलं नसतं. तो थकला होता आणि थांबायची त्याला भीती वाटत होती.

म्हणून त्याने काय केलं बघा. रविवारी रात्री जेवताना रत्नाला म्हणाला, “या वेळी तू सांगशील तसं करू. अगदी मनापासून सांगतोय.” रत्ना म्हणाली, “बघू. विचार करते.” आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये प्रसन्न नावाचा त्याचा साहेब भेटला. वयाने सोळा वर्षांनी लहान, बुकित तिमाहच्या महागड्या कॉन्डोत राहणारा, बोलायला गोड. तो म्हणाला, “काका, मग धरून चालू ना?” आणि हा म्हणाला, “धरून चाल रे.” तीन शब्द! लिफ्ट सातव्या मजल्यावर पोचायच्या आत होऊनसुद्धा गेलं. आता अशा माणसाला काय म्हणावं? स्वतःशी मात्र तो म्हणाला, रत्नाचं काय, ती ऐकेल. आजवर ऐकलंच आहे.

बुधवारी सकाळपासून तो खुर्चीत. एक पाय स्टुलावर, गुडघ्यावर गरम पिशवी. किताब राखणारा चॅम्पियन मोठा सावध माणूस. त्याने आपला राजा पार कोपऱ्यात नेला आणि भोवती सोनं-चांदी लावायला सुरुवात केली. सोनं आणि चांदी ही त्या खेळातल्या सरदारांची नावं, राजाचे अंगरक्षकच म्हणा ना. आव्हान देणारा पोरगेलासा होता, पंचविशीतला. तो आपला हत्ती बाजूला नेऊन गप्प बसून होता. दुपारी चॅम्पियनने तासभर विचार केला आणि मधल्या घरातलं उरलेलं सोनं राजाच्या अगदी शेजारी सरकवलं.

“वा!” रघुवीर म्हणाला. “आता कोण हात लावतोय याला! तिजोरीच केली.”

रत्ना सोफ्यावर मटार सोलत होती. “मग तो राजा बाहेर कुठून येणार?” तिने विचारलं.

“बाहेर कशाला येईल? आत सुखात आहे तो.”

मटार संपले तशी रत्ना उठून आत गेली.

संध्याकाळी पाचला पहिला दिवस संपला. दोन दिवसांच्या डावात एक रीत असते. पहिल्या दिवशी शेवटी ज्याची पाळी असेल त्याने आपली चाल पटावर खेळायची नाही, कागदावर लिहायची, पाकिटात घालून पाकीट बंद करायचं आणि दोघांनी त्यावर सही करायची. ते दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतात. रात्रभर विचार करून चाल बदलायची सोय नाही, आणि समोरच्याला ती आधी कळायचीही सोय नाही. पाळी त्या पोराची होती. तो कागद घेऊन शेजारच्या खोलीत गेला, परत आला, पाकीट दिलं.

रघुवीरला ही रीत फार आवडायची, आणि त्या दिवशी त्याला सुचलं. सुचलं कसलं, मनात जे टोचत होतं त्यावर फुंकर घालायला काहीतरी हवंच होतं. ड्रॉवरमधून त्याने विजेच्या बिलाचं रिकामं पाकीट काढलं, एक कोरा कागद घेतला आणि स्वयंपाकघरात गेला.

“रत्ना, आजवरच्या सगळ्या चाली मीच केल्या. आता तुझी पाळी. राहायचं की जायचं, यात लिहून बंद कर. उद्या डाव संपला की उघडू. जे असेल ते मला मान्य.”

रत्नाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ओल्या हाताने कागद नको भिजायला म्हणून पदराला हात पुसले. ओट्याशी उभ्याउभ्याच लिहिलं. मिनिटभरही लागलं नाही तिला. डिंक सापडेना, तेव्हा कुकरमधल्या भाताची दोन शितं घेऊन पाकीट चिकटवलं आणि सही केली. त्यानेही केली. पाकीट उएदाच्या पटाशेजारी, मारलेली मोहरी ठेवायच्या छोट्या चौरंगावर ठेवलं.

एवढ्या पटकन लिहिलं म्हणजे ‘तुम्ही म्हणाल तसं’ असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून थोडी लाजही वाटली. पण झोप लागली.

गुरुवारी सकाळी पाकीट उघडलं, म्हणजे तिकडचं. त्या पोराने कडेचं प्यादं पुढे ढकललं होतं. चॅम्पियनने ते मारलं. पोराने मागे दुसरं उतरवलं, मग घोडा दिला, तोही फुकट. रघुवीर हसला, “येडा आहे. दिवाळी वाटतोय.” जेवणापर्यंत हसत होता. दुपारी दोनला चॅम्पियनने पोराचा हत्ती मारला आणि हा टाळी वाजवणार एवढ्यात पोराने कोपऱ्याजवळ एक साधं प्यादं उतरवलं. रघुवीरने आपल्या पटावर ते ठेवलं आणि त्याचा हात तिथेच राहिला. राजाला पळायला हवं होतं, मधल्या बाजूला. आणि मधल्या बाजूला त्याचंच सोनं बसलं होतं.

चॅम्पियन अर्धा तास बसून राहिला. घोटभर पाणी प्यायला, किमोनोची बाही नीट केली. रघुवीर म्हणत होता, “अरे, अजून दहा चाली निघतील, चालव की! मी तर चालवलं असतं!” आयुष्यभर त्याने बिघडलेली इंजिनं पुढच्या बंदरापर्यंत अशीच चालवत नेली होती. पण त्या माणसाने आपल्या मोहऱ्यांच्या चौरंगावर हात ठेवला, मान खाली घातली आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं की मी हरलो. तशी तिकडची पद्धतच आहे. हरणाऱ्याने स्वतः सांगायचं.

मग दोघांनी सगळा डाव परत मांडायला घेतला. हेही तिथे असतंच. जिंकलेला आणि हरलेला एकत्र बसून शोधतात की डाव फिरला कुठे. रघुवीरला वाटलं, आता हत्तीपाशी थांबतील, त्या हावेपाशी. ते थांबले नाहीत. मागे गेले, कडेच्या प्याद्याच्याही मागे, थेट कालच्या दुपारपर्यंत. चॅम्पियनने स्वतःच त्या सोन्यावर बोट ठेवलं, ज्याला रघुवीर ‘वा’ म्हणाला होता, आणि कसंनुसं हसला.

रत्ना चहा घेऊन आली. कप ठेवला, समोरच्या खुर्चीत बसली. ती तिथे कधी बसत नसे.

“संपला?”

“संपला. हरला बिचारा.”

“मला एक सांगा,” रत्ना म्हणाली. “समजा एकाने आपली चाल केली, आणि दुसऱ्याची पाळी असताना आणखी एक चाल परस्पर करून टाकली. तर?”

रघुवीर खूष झाला. दहा वर्षांत पहिल्यांदा तिने खेळातलं काही विचारलं होतं. “तर खलास! तिथल्या तिथे हरला. पटावर काहीही असू दे, अगदी जिंकत आलेला असू दे. माफी नाही. मोठमोठ्यांच्या हातून झालंय घाईघाईत.”

“मुद्दाम नसेल केलं तरी?”

“मुद्दाम असो नसो. नियम म्हणजे नियम.”

“बरं,” रत्ना म्हणाली. “उघडा ते पाकीट.”

शितं वाळून कडक झाली होती. पाकीट फाटलंच. आत तिच्या गोल अक्षरात तीन ओळी होत्या. ‘तुमची चाल सोमवारीच झाली. योगिनीचा फोन आला होता, अभिनंदनाचा. माझं सहा जानेवारीचं तिकीट आहे, एकटीचं.’

योगिनी म्हणजे प्रसन्नची बायको. ती गोड आवाजात काय म्हणाली असेल ते रघुवीरला न सांगता ऐकू आलं. काकू, अजून दोन वर्षं आहात हं आमच्यात! आणि हे सोमवारी. म्हणजे बुधवारी तो पाकीट घेऊन ओट्याशी उदार होऊन उभा होता तेव्हा हिला सगळं माहीत होतं. कालचं तिचं ते बघणं त्याला आठवलं.

खूप काही बोलता आलं असतं. प्रसन्नला उद्या नाही म्हणून सांगतो. लिफ्टमध्ये तोंडातून गेलं गं. गुडघ्यांची शपथ. अजून दहा चाली निघाल्या असत्या. त्याने तोंड उघडलं, रत्नाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग शोधला. राग असता तर काही करता आलं असतं. ती नुसती दमलेली दिसत होती, त्याच्याइतकीच, कदाचित कितीतरी जास्त, आणि हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने चौरंगावर हात ठेवला. “हरलो,” तो म्हणाला.

रत्नाने मान हलवली. उठेल असं त्याला वाटलं, पण ती उठली नाही. चहाचा कप तिने त्याच्याकडे सरकवला. “मग आता मांडायचं असतं ना परत? कुठे फिरलं ते बघायला?”

“तू म्हणशील तर.”

“मला माहीत आहे कुठे ते. तुम्ही सांगा, बघू.”

त्याने प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. “तुझे बाबा गेले तेव्हा मी समुद्रावर होतो.”

“नाही. त्यात तुमचा काय दोष?”

“ठाण्याची जागा तुला न विचारता भाड्याने दिली ते.”

“तेही नाही.” रत्ना खिडकीकडे बघत बोलत होती. “आपण इथे आलो त्याच्या पुढच्या वर्षी. खाली ब्लॉकमध्ये बालवाडी आहे ना, तिथे मी गेले होते विचारायला. एकटी. इंग्रजीत बोलले होते, दोन दिवस पाठ करून. त्यांना मी आवडले होते. कळवायला त्यांचा घरी फोन आला. मी बाजारात गेले होते. तुम्हाला ताप होता, घरी होतात. फोन तुम्ही घेतलात. म्हणालात, नको, तिला नाही जमणार.”

“मग? तू काही बोलली नाहीस?”

“तुम्ही संध्याकाळी सांगितलंत, मी नाही म्हणून टाकलं, तुझी दगदग वाचवली. तुम्हाला इतकं बरं वाटत होतं, अहो, की मी कणीक मळायला घेतली.”

रघुवीर पटाकडे बघत बसला. त्याने ते वर्ष आठवलं, तो ताप आठवायचा प्रयत्न केला, फोन कुठल्या भिंतीला होता तेही आठवलं. रोज सकाळी लाँचला निघताना तो त्या बालवाडीवरून जात होता, गेली दहा वर्षं. रत्ना थांबली होती, तो काहीतरी म्हणेल म्हणून. पण तो फोन घेतल्याचं त्याला काही केल्या आठवेना.