आधी खेळा, मग पैसे

पोर्टगार्व्हीत एफी डथीला घाबरत नाही असं सांगणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाही तर थापाड्या. एफीनं उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. गावातल्या दोन पिढ्यांना तिनं बटाटे आणि मटार वाढले, आणि ज्यानं ते ताटात टाकले त्याला समोर उभं राहून संपवायला लावले. पुढं तीच पोरं मोठी झाली. कुणी बोटीवर गेलं, कुणी पोस्टात चिकटलं, कुणी गोल्फ क्लबच्या कमिटीत जाऊन बसलं. पण एफीनं नुसती मान वळवून पाहिलं की त्यांचा हात अजून चमचा शोधायचा.

गोल्फ म्हणजे काही आमच्या गावात साहेबी थेर नव्हे. समुद्र आणि शेतं यांच्या मधे वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे. तिथं बार्ली उगवत नाही, गाय पोसत नाही, तेव्हा आमच्या पूर्वजांनी तिथं चेंडू मारायला सुरुवात केली. पोस्टमन खेळतो, खेकडे पकडणारे खेळतात, पाद्रीबुवा रविवारचं प्रवचन आटोपतं घेऊन खेळतात. एफी पोरवयात मासे चिरायला जायची आणि सुटी झाली की अंगाला तो वास घेऊनच मामाची तुटकी काठी उचलून टेकड्यांकडे पळायची. तिचा नवरा वॉटी तिला तिथंच भेटला. तो मैदानाचं गवत कापायचा, अजून कापतो. माणसांशी तो फारसा बोलत नाही. जे काय बोलायचं ते गवताशी बोलून घेतो.

ही जमीन मात्र गावाची नव्हती. ती होती पिटकेर्नबाईंची. बाईंच्या वडिलांनी नाममात्र भाड्यानं ती गावाला दिली होती, आणि तो करार आता संपत आला होता. अशा वेळी लंडनची एक कंपनी बाईंच्या दारात उभी राहिली. टेकड्यांमागं हॉटेल बांधू, मैदानाचं रूप पालटून टाकू, एका फेरीचे अडीचशे पौंड घेऊ, आणि तुम्हाला भाडं असं देऊ की डोळे दिपतील. गावकऱ्यांचं काय, असं कुणी विचारलं नाही. गावकरी कुंपणाबाहेरून बघणार होते.

पिटकेर्नबाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या हवेलीचं छप्पर गळत होतं आणि भिडस्तपणानं छप्पर दुरुस्त होत नाही. त्यांनी निरोप पाठवला, 'एक हंगाम देते. बाहेरून येणाऱ्या खेळाडूंच्या पैशातून योग्य ते भाडं उभं करा, जमीन तुमच्याकडेच राहील. नाही जमलं तर मला दोष देऊ नका.'

मग हॉलमध्ये सभा भरली. बाहेरच्यांसाठी तेव्हा वीस पौंड फी होती. पहिल्या होलशेजारी खांबाला एक लोखंडी पेटी ठोकलेली, राखण कुणाचीच नाही. भला माणूस वीस टाकायचा, बेताचा माणूस पाच टाकायचा, आणि एकदा तर पेटीतून कोटाची दोन बटणं निघाली होती. क्लबचा सेक्रेटरी सँडी टोखर, म्हातारा आणि नेटका, उठून म्हणाला की फी तीस करावी.

"तीस?" खेकडेवाला डोड खुर्चीतून अर्धा उठला. "एका फेरीला? अरे, माझ्या सगळ्या काठ्या मिळून तीसच्या नाहीत."

"तुझ्या काठ्या बापाच्या आहेत, डोड. तू एक पेनी दिलेली नाहीस."

"म्हणून तर सांगतोय, किंमत मला ठाऊक आहे."

कुणी पन्नास म्हणालं, त्यावर लोक असे हसले की तो बिचारा परत बोललाच नाही. आमच्या लोकांचा हा जुना रोग. स्वतःच्या खिशातून देताना जीव जातो हे ठीक, पण दुसऱ्यानं त्याच्या खिशातून जास्त दिलं तरी यांच्याच पोटात कालवतं. पाटीवर कुठला आकडा लिहायचा यावर तास दीड तास नुसती हमरीतुमरी चालली. शेवटी मागच्या बाकावरून एफी उठली.

"काहीच लिहू नका," ती म्हणाली. "पाटी उतरवा. पेटी उचला आणि शेवटच्या होलवर माझ्या खिडकीशी आणून ठेवा. आधी खेळा म्हणावं, मग काय वाटलं ते द्या."

शेवटच्या होलशेजारच्या लाकडी खोपटात ती आता सूप विकायची. धुरी दिलेला हॅडॉक मासा, दूध, बटाटा, कांदा. ती खिडकी त्याच खोपटाची.

"एफी, लोक फुकट खेळून जातील," सँडी म्हणाला.

"माझ्या तोंडाकडे बघून?"

सँडी खाली बसला. त्यानंही तिच्या हातचे मटार खाल्ले होते, तरुण शिक्षक असताना.

"हे बघा," एफी म्हणाली, "गोल्फवाला शंभर फटके मारतो. नव्याण्णव वाळूत जातात, गवतात जातात, डोडचे तर समुद्रात जातात. एक बसतो नीट. घरी जाऊन बायकोला तो कुठला सांगतो?"

लोक हसले, डोडसुद्धा.

"मग तो फटका बसायच्या आधी पैसे का मागता? बसल्यावर मागा."

मतदान झालं. जिंकली ती थोडक्यात, आणि हरलेल्यांनी बजावून ठेवलं की आता मैदान गेलं तर नाव एफीचं निघेल.

सुरुवात काही चांगली झाली नाही. एप्रिलभर पाऊस आणि वारा. दोन विद्यार्थी आले, मिळून पाच पौंड दिले, आणि खरंच त्यांच्याकडे तेवढेच होते म्हणून एफीनं त्यांना वर सूप पाजलं. एक चकचकीत गाडीवाला आला, त्यानं दहाची नोट सरकवली. "दहा. बरं," एफी म्हणाली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो गाडीपर्यंत गेला, परत आला, आणखी चाळीस ठेवले आणि मान खाली घालून निघून गेला. पण असे रोज कुठले यायला? मे उजाडला तरी पेटी हलकीच होती. गावात लोक तिला पाहून रस्ता ओलांडायला लागले नाहीत, पण बोलणं हवापाण्यावरच संपवू लागले. आणि आमच्याकडे हवापाण्यावर संपलेलं बोलणं म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्याला कळतं.

"मी गावाला बुडवलं, वॉटी," एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली. तो यंत्राच्या पात्याला धार लावत होता.

"सातव्याचा खड्डा कुठं असतो बघितलंस?" वॉटी म्हणाला.

सातवा होल म्हणजे आमच्या मैदानाचा लाडका लेक. उंच टेकडीवरून चेंडू मारायचा, समोर सगळा समुद्र, आणि खाली परातीसारखी खोलगट हिरवळ, तिच्यात चेंडू पाडायचा खड्डा.

"रोज कडेला असतो," वॉटी म्हणाला. "उद्यापासून तळाशी ठेवतो. परातीत पडलेला चेंडू घरंगळत तिथंच जातो. ज्याला त्याला एक तरी फटका बसू दे की."

"ही लबाडी झाली."

"उतार देवानं केलाय. मी फक्त खड्डा हलवतोय."

वॉटीनं वर्षाचं बोलणं त्या दिवशी संपवलं, पण काम झालं. जूनपासून लोक खिडकीशी यायचे ते चेहरे उजळून. सातव्यावर काय झालं, चेंडू कसा वळला, कसा थांबला, खड्ड्याच्या काठावर कसा डुलला. एफी सूप वाढत शेवटापर्यंत ऐकून घ्यायची, आणि मग शांतपणे विचारायची, "मग कितीची झाली म्हणायची फेरी?" कुणी साठ दिले, कुणी ऐंशी. एका स्वीडिश जोडप्यानं आपापसात हलक्या आवाजात भांडून दीडशे दिले. ग्लासगोचे दोन पाद्री आले, त्यांनी मात्र घासाघीस केली, आणि स्वतःशीच केली, कारण एफी काही बोललीच नव्हती. ओहायोचा एक म्हातारा दंतवैद्य म्हणाला, "मी याच्या तिप्पट देऊन अशा ठिकाणी खेळलोय जिथं मैदानातल्या गाडीतून खाली उतरू देत नाहीत. इथं वाऱ्यानं माझी टोपी नेली. टोपीचे पण धरा." एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं चौघांना. ऑगस्टमध्ये भाड्याची रक्कम उभी राहिली, आणि हवापाण्यावर बोलणारे परत एफीच्या दारात चहाला येऊ लागले.

पण कंपनीला वास लागलाच. तिनं आपला आकडा आणखी वाढवला. पिटकेर्नबाई डळमळल्या. शब्द मोडायचा तर माणसाला निदान स्वतःच्या डोळ्यांनी बघून मोडावासा वाटतो, म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या स्वतः आल्या, आणि त्यांच्याबरोबर आला कंपनीचा साहेब, कॅल्व्हर्ट. हातात काठ्यांची पिशवी. जागा पारखायची तर खेळूनच पारखतो, म्हणाला. बाई रबरी बूट घालून त्याच्याबरोबर चालायला निघाल्या. जमीन त्यांची, पण तिच्यावरून इतकं त्या कधी चालल्या नव्हत्या.

एफीनं खिडकीतून वॉटीला हाक मारली. "सातव्याचा खड्डा तळाशी आहे ना?"

"कडेला ठेवलाय."

"आज? वॉटी, डोकं फिरलंय का तुझं?"

"आज खरं काय ते दिसू दे," वॉटी म्हणाला आणि यंत्र घेऊन चालता झाला. एफीला त्या क्षणी त्याच्या डोक्यात सुपाचा डाव घालावासा वाटला. आयुष्यभर सरळ वागलेला माणूस एक दिवस कामाचं वाकडं वागला होता, आणि नेमका आज त्याला परत सरळ व्हायचं होतं.

वारा उत्तरेचा होता, वर पावसाची भुरभुर. कॅल्व्हर्ट पहिल्याच होलवर गवतात गेला. सातव्यावर त्यानं चेंडू मारला तो टेकडीमागं असा कुठं नाहीसा झाला की शोधायलाही कुणी गेलं नाही. एव्हाना अर्धं गाव कुत्री फिरवायच्या निमित्तानं कडेनं घुटमळत होतं. ज्यांच्याकडे कुत्रं नव्हतं त्यांनी शेजाऱ्याचं आणलं होतं. डोड धावत येऊन एफीला बातम्या देत होता आणि प्रत्येक बातमी आधीच्यापेक्षा वाईट होती.

"शिव्या घालतोय, मावशी. वाळूत गुडघे टेकलेत."

"गप बस," एफी म्हणाली. ती उगाच पातेलं ढवळत राहिली. आज हे गेलं तर आपल्या नावानं जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. डोड तिच्या तोंडावर काही बोलणार नव्हता, सँडीही नाही. फक्त उद्यापासून सगळे परत हवापाण्यावर बोलणार होते.

शेवटी दोघं आली. कॅल्व्हर्टचे केस ओले, पँटला वाळू, गाल लाल. चेहऱ्यावर हसू नाही. तो सूप न मागता खिडकीशी उभा राहिला, शेवटच्या होलकडे एकदा बघितलं, आणि जरा घुटमळून म्हणाला, "अंधार पडायच्या आत अजून एक फेरी होईल का हो?"

एफीनं त्याच्याकडे नीट बघितलं, आणि तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. हे तोंड तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून हजारदा पाहिलं होतं. अजून हवंय पण मागायला लाज वाटतेय, असं तोंड.

"होईल की," ती म्हणाली. "आधी झालेल्या फेरीचं बोला. इथं किंमत खेळणारा सांगतो. कितीची झाली?"

गाडीत येताना कॅल्व्हर्टनं पिटकेर्नबाईंना अडीचशे सांगितले होते. आता वीस म्हणावं तर कंपनीला ही जागा हवी कशाला? आणि अडीचशे म्हणावं तर हॉटेल नसताना, काहीही पालटलेलं नसताना, त्या वाऱ्यात भिजून अडीचशे. बाई त्याच्या बाजूला उभ्या होत्या. हवं तर तो हसून वेळ मारून नेऊ शकला असता. पण कंपनीच्या आधी तो गोल्फवाला होता, आणि नुकताच अठरा होल फिरून आला होता.

"अडीचशे," तो म्हणाला, आणि खिशातून बँकेचं कार्ड काढून पुढं धरलं.

"मग तुम्ही इथं पालटणार तरी काय होता, मिस्टर कॅल्व्हर्ट?" पिटकेर्नबाईंनी विचारलं.

"खोल्यांतून समुद्र दिसावा म्हणून... सातव्याची टेकडी काढायची होती." तो खाली बघत होता. "तिथं माझा चेंडू गेला. पण त्या टेकडीवर उभा होतो तेव्हा... नाही. ती नाही काढता येणार."

बाईंनी एकदा टेकडीकडे पाहिलं. मग एफीकडे वळून म्हणाल्या, "वडिलांनी केला तसाच करार करू. भाडं तुम्ही या हंगामात उभं केलंत तेवढं. छप्पर हळूहळू होईल." आणि ओले हातमोजे झटकत पुढं म्हणाल्या, "ते सूप जरा द्या. गारठले मी."

एफीनं बाईंना वाडगा भरून दिला आणि खोपटाबाहेर आली. कुत्री धरून उभी असलेली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती.

"राहिलं," एफी म्हणाली.

आमच्याकडे लोक उड्या मारत नाहीत. सँडी टोखरनं चष्मा काढून पुसला. डोडनं टोपी काढली, परत घातली, परत काढली, आणि मग अचानक एफीला मिठी मारली, जी त्यानं शाळेतसुद्धा कधी मारली नव्हती. त्यानंतर जो आवाज उठला त्यानं समुद्रावरचे पक्षी उडाले. एफी रडत होती आणि तिनं ते लपवलं नाही. ज्या मैदानावर तिचं बालपण गेलं, लग्न जमलं, ते गावाचंच राहिलं होतं, आणि ते तिनं राखलं होतं. हे तिला माहीत होतं आणि गावालाही.

मग कुणीतरी घरी जाऊन काठ्या आणल्या, आणि बघता बघता पहिल्या होलवर रांग लागली. कॅल्व्हर्ट पिशवी खांद्यावर टाकून घाईनं पुढं आला.

"कॅल्व्हर्टसाहेब, मागं," एफी एप्रनला डोळे पुसत म्हणाली. "आधी गावकरी."

तो हसला आणि मुकाट्यानं रांगेत पोस्टमनच्या मागं जाऊन उभा राहिला. एफीनं वॉटीच्या हातातली काठी घेतली, आणि पहिला चेंडू तिनं मारला.